मामाकुळातला ढ

आमच्या सासूबाईंना शेवटपर्यंत वाटायचं की मी टायपिंग करते. कोणी विचारलं की त्या सांगायच्या, "जुन्नरला सलीमभाईच्या छापखान्यात बसती, लग्नाच्या पत्रिका टाईप करती." पहिली काही वर्षं ते खरंही होतं. पुढे मी त्याच खुर्चीत बसून वेबसाईट बनवायला लागले. हे मी त्यांना एकदा समजावून बघितलं, तर म्हणाल्या, "मंग टायपिंगच की." आता घरी बसल्यावर वाटतं, त्यांचं फारसं चुकत नव्हतं. कारण माझ्या सगळ्या कामाच्या आयुष्यातला मोठ्यात मोठा गोंधळ एका अक्षराच्या टायपिंगवरून झाला. अक्षर होतं ढ.

हसू नका. शाळेत ज्यांना ढ म्हणायचे त्यांचं पुढे बरंच चांगलं झालेलं मी पाहिलंय. पण आमच्या ह्या ढ नं बोरी बुद्रुकच्या एका पोरीचं ठरत आलेलं लग्न मोडायला आणलं होतं, आणि एका भावाबहिणीचं नातंही. म्हणून ही हकीकत सांगायची.

आधी धंदा सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तुम्ही वेबसाईटचं पान बघता तेव्हा तुम्हाला नुसता मजकूर दिसतो. त्या मजकुराच्या मागे खुणा असतात. इथे परिच्छेद सुरू, इथे संपला; इथून ठळक, इथपर्यंत ठळक. ह्या खुणा दोन टोकदार कोनांच्या मधे लिहितात. कोन म्हणजे गणितात 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठे' असतं ना, तेच चिन्ह. डावा कोन दिसला की ब्राउझर समजतो, आता खूण आली, ही वाचकाला दाखवायची नाही. उजवा कोन आला की खूण संपली. एवढंच शास्त्र. बाकी सगळा सराव.

ह्या खुणा लिहायला तेव्हा दोन पद्धती होत्या. एक जुनी, एचटीएमएल. दुसरी नवी आणि कडक, एक्सएचटीएमएल. जुनी म्हणजे कशी, तर भाजीत मीठ कमी असलं तरी मुकाट्यानं जेवून उठणारा पाहुणा. तुम्ही खूण उघडली आणि बंद करायची विसरलात, तरी ती काहीतरी अंदाज बांधून पान दाखवायची. नवी म्हणजे मीठ कमी पडलं की ताट सरकवून उठणारा. एक खूण चुकली की सबंध पान बंद, आणि त्या जागी पिवळ्या पट्टीत लाल अक्षरांत इंग्रजी बोंब, की अमुक ओळीत अमुक ठिकाणी चूक आहे. दोन हजार सालानंतरच्या त्या चार-पाच वर्षांत सगळीकडे हवा होती की हीच कडक पद्धत उद्याची. मी पुण्याहून जाडजूड पुस्तकं आणून वाचत होते. मला शिस्तीची आवड, त्यामुळे मी अर्थातच एक्सएचटीएमएलच्या बाजूची.

सलीमभाई विरुद्ध बाजूचे. छापखाना त्यांचा, वेबसाईटच्या धंद्यात आमची निम्मी-निम्मी भागी. त्यांचं म्हणणं साधं होतं. "म्याडम, गिऱ्हाईक दुकानात आलं आन् आपण शटर ओढून आतून वरडलो की तुजी चूक हाये, तर ते परत येईल का?" मी म्हणायची, सलीमभाई, चूक झाकून ठेवली तर ती वाढते. ते म्हणायचे, "वाढू दे ना. दुकान तर उघडं ऱ्हातं." रोज चहाबरोबर हे भांडण. बायकोनं दिलेला डबा उघडून ते अर्धा माझ्यापुढे सरकवायचे आणि तोंडानं भांडण चालू ठेवायचे. अशी माणसं आता मिळत नाहीत.

गिऱ्हाइकांना स्वतःचं पान स्वतः बदलता यावं म्हणून मी एक सिस्टीम लिहिली होती. तिला कन्टेंट मॅनेजमेंट सिस्टीम असं भारदस्त नाव आहे. काम एवढंच, की गिऱ्हाइकानं चौकटीत मजकूर टाईप करायचा, बटण दाबायचं, आणि सिस्टीमनं त्याभोवती खुणा घालून पान तयार करायचं. पान कुठल्या पद्धतीनं वाढायचं, एचटीएमएल की एक्सएचटीएमएल, ते बदलायला आत एक कळ ठेवली होती. पहिली साईट ह्या सिस्टीमवर चढली ती भीमाशंकरच्या एका लॉजवाल्याची, आणि मी माझ्या हट्टानं तिला कडक पद्धत लावली.

काय सांगू तुम्हाला! ऐन श्रावणात, सोमवारच्या आदल्या दिवशी, त्या गृहस्थानं दर बदलायला सिस्टीम उघडली आणि लगे हाथ वरती लिहिलं, 'बोर्डिंग अँड लॉजिंग'. त्यातला 'अँड' त्यानं जसा पाटीवर असतो तसा चिन्हानं लिहिला. सगळ्या महाराष्ट्रात असाच लिहितात. पण ते चिन्ह नुसतं उघडं लिहिलेलं कडक पद्धतीला चालत नाही. झालं, शटर खाली! पुण्या-मुंबईची माणसं साईट उघडतायत आणि समोर पिवळी पट्टी. त्याचा फोन आला तो मी कानापासून हातभर लांब धरून ऐकला. "म्याडम, माजं लॉज उघडं हाये आन् तुमची साईट म्हनती बंद! येवढी रंगवलेली पाटी हाये माजी, तिच्यावर बी 'अँड' असाच हाये. ती कवा पडली न्हाई!" सलीमभाई शेजारी बसून मिशीतल्या मिशीत हसत होते. मी निमूटपणे कळ फिरवली. एचटीएमएल. पान उघडलं.

ही बातमी आक्कांच्या कानावर गेली. आक्का म्हणजे नारायणगावात वधूवर सूचक केंद्र चालवणाऱ्या बाई. नाव काहीही असो, दोन्ही तालुके त्यांना आक्काच म्हणत. जुन्नर-आंबेगावात कोणाची पोरगी लग्नाची आहे, कोणाच्या पोराची नोकरी पक्की आणि कोणाची नुसती सांगण्यापुरती, सगळं त्यांच्या डोक्यात. त्यांना वेबसाईट हवी होती, कारण पोरं आता पुण्याला, चाकणला कामाला होती आणि सायबर कॅफेत बसून स्थळं बघत होती. आक्का आमच्याकडे आल्या त्या अट घालूनच. "हे बघ बाई, मला ते शिस्तीचं न्हाई पायजे. लोकं पोरी बघायला येणार, आन् समोर लाल अक्षरात बोंब? अपशकुन गं! पान उघडलं पायजे. बाकी तुझं शास्त्र तुझ्याजवळ." मी हो म्हटलं. गिऱ्हाईक आहे, त्याचं बरोबर आहे. एचटीएमएल लावलं.

आक्का टायपिंग स्वतः करायच्या. लग्नाआधी त्यांनी मराठी टायपिंगची परीक्षा दिलेली, आणि आमचा छापखान्यातला फॉन्ट नेमका त्या जुन्या टाइपरायटरच्या कळांवर बसलेला. आता सगळे युनिकोडात लिहितात, तेव्हा तसं नव्हतं. तेव्हाच्या फॉन्टची गंमत अशी, की कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी चिन्हंच असायची, वरून फक्त मराठी अक्षरांचा मुखवटा. आपण म टाईप करतो, तो आत इंग्रजी ई असतो. ल म्हणजे वाय. हे मला माहीत होतं, सलीमभाईंना माहीत होतं, पण त्याचा खुणांशी संबंध येईल असं आमच्या दोघांच्या स्वप्नातही आलं नाही.

साईट जोरात चालली. आक्का खूश. मग एका बाजाराच्या दिवशी आक्का छापखान्यात आल्या, आणि त्यांच्या मागे एक बाई, पदर कमरेला खोचलेला, डोळे लाल. आक्कांचा चेहराही उतरलेला. मी उठून खुर्ची दिली, तर त्या बाई बसायलाच तयार नाहीत.

"तुमीच का वेबसाईटवाल्या? माज्या भावाचं नाव का काढलं तुमी?"

ह्या शोभाताई. माहेरच्या ढमाले, घोडेगावच्या. दिलेल्या बोरी बुद्रुकला. त्यांची मुलगी वैशाली लग्नाची. आता मामाकूळ म्हणजे काय ते नव्या पोरांसाठी सांगते. लग्नाच्या माहितीपत्रात मुलीचं नाव, जन्म, उंची, शिक्षण झालं की शेवटी मामाकूळ लिहितात, म्हणजे आईचं माहेर. कोणाची भाची हे कळल्याशिवाय आमच्याकडे बोलणं पुढे सरकत नाही. आणि वैशालीच्या बाबतीत तर ते नुसतं रिवाजापुरतं नव्हतं. शाळा-कॉलेज सगळं तिनं घोडेगावला मामाकडे राहून केलेलं. थोरल्या मामांनी स्वतःच्या पोरांआधी तिची फी भरलेली. म्हणून शोभाताईंनी आक्कांना मुद्दाम सांगून लिहून घेतलं होतं, की लग्नाची बोलणी मामांशीच करावी.

आणि झालं होतं असं. राजगुरुनगरकडचं एक चांगलं स्थळ साईटवर वैशालीची माहिती बघून थेट बोरीला आलं. वैशालीच्या वडलांना वाटलं, मामांशी बोलूनच आले असणार. त्यांनी चहापाणी केलं, मुलगी दाखवली, पसंतीही झाली. तिकडे घोडेगावात मामांच्या कानावर ही गोष्ट तिसऱ्याच माणसाकडून गेली. ते म्हणाले, असं होणार नाही. मग कोणीतरी त्यांना तहसील कचेरीजवळच्या सायबर कॅफेत नेऊन पान दाखवलं. त्यावर मुलीचं नाव होतं, उंची होती, बी.कॉम. होतं, मग 'मामाकूळ' आणि दोन टिंबं. पुढे कोरं.

"दादा म्हनला, बहिणीनं मला पुसून टाकलं," शोभाताई म्हणाल्या आणि मग मात्र खुर्चीत बसल्या. "फोन घेत न्हाई. वहिनीला सांगितलं, त्या लग्नात मी उभा ऱ्हायचो न्हाई. आन् पोरगी म्हनती, मामा न्हाई तर मी बी बोहल्यावर चढायची न्हाई. पाव्हणं सुपारी फोडायला मागं लागल्यात. म्याडम, मी काय करू?"

मी आक्कांकडे पाहिलं. आक्का फणकारल्या, "माझ्याकडं काय बघतीस? मामाकूळ विसरायला मी काय काल धंद्यात आले? ह्या बोटांनी टाईप केलंय मी!"

मी सिस्टीम उघडली. चौकटीत सगळा मजकूर होता. 'मामाकूळ : ढमाले, घोडेगाव', आणि पुढच्या दोन्ही ओळी. एक अक्षर कमी नाही. मग पान उघडलं. मामाकूळ, टिंबं, कोरं. आत आहे, बाहेर नाही. असं भूत मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

सलीमभाई चष्मा कपाळावर चढवून मागे उभे राहिले. मी पानाचा मागचा भाग काढला, जिथे खुणांसकट कच्चा मजकूर दिसतो, मराठी मुखवट्याशिवायचा, नुसत्या इंग्रजी चिन्हांतला. सलीमभाईंना त्या फॉन्टच्या कळा झोपेत पाठ. त्यांनी पडद्यावर नख टेकवलं. "म्याडम, ढ बघा. आपल्या फॉन्टात ढ कुठल्या कळेवर हाये?"

शिफ्ट आणि स्वल्पविराम. म्हणजे डावा कोन!

अहो, मी कपाळावर हातच मारून घेतला. ढमाले टाईप केलं की आत जायचं कोन, ई, के, वाय, एस. ब्राउझर बिचारा म्हणतोय, कोन आला, म्हणजे खूण सुरू. ही वाचकाला दाखवायची नाही. मग उजवा कोन कुठे येईल तिथपर्यंतचं सगळं गिळायचं. तो यायचा थेट परिच्छेद संपल्यावर. ढमाले गेले, घोडेगाव गेलं, मुलीचं शिक्षण करणारे मामा गेले, बोलणी गेली. आणि आपला मुकाट पाहुणा एचटीएमएल, हूं नाही की चूं नाही. मी तिथल्या तिथे बाकीची पानं चाळली. 'पुढे शिकण्याची इच्छा' असलेला एक मुलगा नुसत्या 'पु' वर येऊन थांबला होता. त्यानं तक्रारही केली नव्हती. कोण करणार? जे दिसत नाही ते गेलं हे कळायचं कसं!

शोभाताईंना एवढं शास्त्र नको होतं. त्या म्हणाल्या, "कळलं ना? मंग आत्ता टाका. लगीच टाका."

दुरुस्ती दोन मिनिटांची होती. ढ च्या जागी एक वेगळा संकेत लिहिला की भागलं असतं. मी कीबोर्डवर हात ठेवला आणि सलीमभाईंनी तो धरला. "थांबा. आता नाव आलं तर मामा काय म्हणतील? मी रागावलो म्हणून टाकलं."

खरंच की. मग तर पुरतंच बिघडलं असतं. शोभाताईंच्याही ते लक्षात आलं आणि त्या रडायलाच लागल्या. आक्कांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी म्हटलं, शोभाताई, पान आहे तसंच राहू दे. मामांना इथे आणायचं. आपण सांगायचं नाही, त्यांनीच बघायचं.

पण आणायचं कसं? बहिणीचा फोन घेत नाहीत, आक्कांचं तोंड बघायला तयार नाहीत. शेवटी सलीमभाईंनी फोन केला. ढमाल्यांच्या घरातल्या सगळ्या पत्रिका सलीमभाईंच्या वडलांच्या वेळेपासून ह्याच छापखान्यात छापलेल्या. काय बोलले ते मला नीट ऐकू आलं नाही, शेवटचं तेवढं ऐकलं. "भाऊ, तुमी माज्या वडलांच्या हातची पत्रिका वाटलेली हाये. मी बोलावतोय, बस्स." दुसऱ्या दिवशी दुपारी घोडेगावच्या एसटीतून मामा उतरले.

उंच माणूस, पांढरी टोपी, बोलणं तोलून. मी पाणी दिलं, ते तसंच ठेवलं. मी खुणा, कोन, फॉन्ट सगळं सांगायला घेतलं. मी चांगली शिकवते असा माझा समज होता. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्याडम, लई शिकल्याली बाई हाये तुमी. पण साऱ्या गावाची नावं दिसत्यात, आन् येकट्या माज्याच नावाला तुमचं मशिन खातं? ह्ये मी कुनाला सांगू? मला ढ समजू नका."

"ढ च आहे मामा, तोच घोळ आहे," माझ्या तोंडून निघून गेलं. सलीमभाई खोकले. मामांची भुवई वर गेली. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस उठून जाणार.

सलीमभाईंनी गुपचूप खुर्ची ओढली. "भाऊ, बसा हितं. तुमीच टाईप करा." एक कोरं पान उघडून दिलं. मामांनी आयुष्यात कीबोर्डला हात लावला नव्हता. सलीमभाई कळ दाखवत गेले, मामा एका बोटानं दाबत गेले. आधी 'पवार' लिहिलं. बटण दाबलं, पान उघडलं, पवार दिसले. 'काळे' लिहिलं, काळे दिसले. मग 'ढमाले'. मामांनी स्वतःच्या हातानं बटण दाबलं. पान कोरं.

"आयला!" मामा म्हणाले. पुन्हा केलं. पुन्हा कोरं. मग 'ढोबळे' लिहून बघितलं, तेही गेले. "ह्ये तर सगळ्या ढ वाल्यांच्या मुळावर उठलंय!" आणि पहिल्यांदा त्यांनी पाण्याचा पेला उचलला.

मग मी वैशालीचं पान उघडलं आणि आतली कळ फिरवली. एक्सएचटीएमएल. पिवळी पट्टी आली, लाल बोंब आली, आणि त्या बोंबेखाली, कडक पद्धतीची ही खोडच असते, जिथे चूक आहे त्या अक्षराजवळ एक छोटा बाण. बाण बरोबर ढमाल्यांच्या ढ पाशी. मी म्हटलं, मामा, मी शिकलेली बाई आहे, मी एक वेळ खोटं बोलेन. ह्या मशिनला तुमच्या घरचं काही माहीत नाही. ते सांगतंय की इथे काहीतरी आहे. आणि हे बघा, हा मजकूर शेवटचा कधी बदलला तेही सिस्टीमनं लिहिलंय. पाव्हणे बोरीला आले त्याच्या कितीतरी आधी.

मामा पडद्याजवळ वाकले. "पन ह्ये तर इंग्रजी हाये. काय लिवलंय?"

मी ती बाणाखालची ओळ उचलली, दुसऱ्या चौकटीत ठेवली आणि आमचा फॉन्ट चढवला. अक्षरं मराठी झाली. मामा बोट फिरवत मोठ्यानं वाचू लागले, शाळेतल्या पोरानं वाचावं तसं.

"ढमाले, घोडेगाव. मुलीचे सर्व शिक्षण मामांनी केले. लग्नाची बोलणी मामांशीच करावी."

'मामांशीच' पाशी ते एकदा अडखळले आणि परत मागे जाऊन वाचलं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली. सलीमभाई उगाच कागदाचे गठ्ठे इकडचे तिकडे करत राहिले. माझे डोळे भरून आले होते आणि मला ते लपवायचेही नव्हते.

"फोन द्या," मामा म्हणाले. बोरीला लावून दिला. पलीकडे शोभाताईंनीच उचलला असणार, कारण मामा एकदम म्हणाले, "शोभे, दादा बोलतोय. रडू नगं आधी. त्या पाव्हण्यांचा नंबर दे. बोलणी माज्याशीच करायची हायेत ना?"

मामा गेल्यावर सलीमभाई आणि मी चहा प्यायला बसलो, आणि भांडायला विषयच नव्हता. मी कडक पद्धतीवर अडून बसले असते तर आक्कांची साईट रोज कुठल्यातरी ढ साठी बंद पडली असती. सलीमभाईंच्या मुकाट पद्धतीनं तर काय केलं ते समोरच होतं. सलीमभाई म्हणाले, "म्याडम, आमी छपाईचे शिशाचे खिळे जुळवायचो ना, तवा एकादं अक्षर संपलं तर जागा कोरी सोडायची न्हाई असा वडलांचा दंडक व्हता. तिथं उलटा खिळा लावायचा. प्रुफात काळा ठिपका आला पायजे, म्हंजी वाचणाऱ्याच्या डोळ्याला टोचंल. पण छापून बाहेर जाईल त्याच्यात ठिपका दिसला तर वडील कानफटात द्यायचे."

सगळी पुस्तकं वाचून मला जे सुचलं नव्हतं ते हे. त्याच आठवड्यात मी सिस्टीम बदलली. गिऱ्हाईक मजकूर साठवायला जाईल तेव्हा आतमध्ये एक्सएचटीएमएल. एक खूण चुकली की तिथेच अडवायचं, बाण दाखवायचा, पुढे जाऊ द्यायचं नाही. तपासून झालं की बाहेर जगासाठी एचटीएमएल, काही झालं तरी उघडणारं. आणि ढ चं रूपांतर सिस्टीमनं आपलं आपण करायचं. आक्का पहिल्यांदा कुरकुरल्या, "बाई, ही तुझी पट्टी मला सारखी वरडती." मी म्हटलं, आक्का, तुमच्यावर ओरडते, पाव्हण्यांवर नाही. मग त्यांनीच ती सवय लावून घेतली, आणि नंतर मला फोन करून सांगायच्या, "आज एकदा बी वरडली न्हाई बघ!"

पुढे युनिकोड आला. ढ म्हणजे ढ च झाला, त्याच्या पोटात कोन राहिला नाही. एक्सएचटीएमएलची हवाही विरली, आणि आता कोणी ह्या वादात पडत नाही. आजच्या पोरांना मी हे सांगते तेव्हा ती जांभया देतात. देऊ देत. मला त्या कडक पद्धतीबद्दल आजही माया वाटते, आणि त्या मुकाट पद्धतीबद्दलही राग नाही. मला उपकार आठवतात ते माणसांचे. माझा हात धरणाऱ्या सलीमभाईंचे. पहिला दोष स्वतःवर येत असतानाही शोभाताईंना घेऊन आलेल्या आक्कांचे. आणि सगळ्यात जास्त शोभाताईंचे. त्यांच्या जागी दुसरी कोणी असती तर घरात बसून नशिबाला बोल लावत राहिली असती. त्या भांडायला आल्या म्हणून कळलं. मी कितीतरी गिऱ्हाइकांच्या साईटी बनवल्या, पण भांडायला येणारं माणूस म्हणजे देवमाणूस, हे मी त्या दिवशी शिकले.

लग्न बोरीला झालं, शोभाताईंच्या दारात. पत्रिका अर्थात सलीमभाईंनी छापली, मामांच्या नावासकट, आणि त्यातला ढ जरा मोठाच घेतला होता असा मला संशय आहे. ते कबूल करत नाहीत. आम्ही दोघं गेलो होतो. मंगलाष्टकं चालू होती आणि वैशालीच्या मागे मामा उभे होते, नव्या फेट्यात, घाम पुसायचंही भान नसलेले. अक्षता पडल्या तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहिला.

नंतर फोटोवाल्यानं घरच्यांना उभं केलं. नवरानवरी, आईवडील, मामा-मामी, आक्का. मी सलीमभाईंबरोबर मांडवाच्या खांबापाशी उभी होते, जेवणाच्या पंगतीकडे नजर ठेवून. फोटोवाला 'हसा' म्हणायच्या बेतात होता, तेवढ्यात मामांनी त्याला थांबवलं.

"म्याडम! सलीमभाई! हिकडं या, मदी उभं ऱ्हा."

मी म्हटलं, नको हो मामा, हा घरचा फोटो आहे, आम्ही कशाला.

"या म्हनतो ना," मामा म्हणाले. "माणूस आत आसून बाहेर दिसलं न्हाई, तर काय व्हतं ते मी बघितलंय."